पेडल सेन्सरचा कोड आला, पण पेडल खरंच बिघडलंय का? इलेक्ट्रिक गाडीत दोष शोधण्याची पद्धत

स्कॅनरवर अ‍ॅक्सिलरेटर पेडल सेन्सरचा दोष-कोड दिसला की पेडल मागवायचं, ही सवय फार महागात पडते. नवं पेडल बसतं, कोड पुसला जातो, गाडी दोन-चार दिवस नीट चालते आणि तोच कोड परत येतो. कारण ‘पेडल खराब आहे’ असं कोड कधी म्हणतच नाही. कंट्रोलरच्या (गाडीच्या नियंत्रक कॉम्प्युटरच्या) अमुक पिनेवर अपेक्षेबाहेरचा व्होल्टेज आला, किंवा दोन सिग्नलांचा मेळ बसला नाही, एवढंच तो सांगतो. त्या पिनेपासून पेडलपर्यंत ५ व्होल्टचा सप्लाय, ग्राउंड, एक-दोन जोड-कनेक्टर आणि काही मीटर वायर असते, आणि दोष यातल्या कुठेही असू शकतो. म्हणून सर्किटचे तुकडे पाडत जायचं, प्रत्येक तुकडा मोजून निर्दोष ठरवायचा आणि शेवटी पेडलच उरलं तर ते बदलायचं.

आत काय असतं

पेडलच्या बिजागरीपाशी दोन स्वतंत्र सेन्सर असतात. जुन्या बनावटीत ते पोटेन्शिओमीटर, म्हणजे कार्बनच्या पट्टीवर सरकणारा काटा. हल्ली बहुतेक ठिकाणी हॉल (चुंबकाची हालचाल ओळखणारे) किंवा इंडक्टिव्ह प्रकारचे, ज्यांत काहीच घासत नाही. वायरी साधारणपणे सहा असतात: दोन ५ व्होल्ट सप्लाय, दोन ग्राउंड, दोन सिग्नल. सप्लाय आणि ग्राउंडही वेगवेगळे ठेवण्याचं कारण असं की एक वायर तुटली तरी दोन्ही सेन्सर एकदम बंद पडू नयेत.

दोन्ही सिग्नल मुद्दाम सारखे ठेवलेले नसतात. सर्वाधिक आढळणाऱ्या रचनेत दुसरा सिग्नल पहिल्याच्या बरोबर निम्मा असतो. पेडल सोडलेलं असताना पहिला ०.७५ व्होल्टच्या आसपास तर दुसरा ०.३७, पूर्ण दाबल्यावर पहिला ४ च्या आसपास तर दुसरा २. काही गाड्यांत एक सिग्नल चढतो तेव्हा दुसरा उतरतो. दोन्ही सिग्नल अगदी सारखे असते तर त्यांच्या वायरी एकमेकींना चिकटल्याचं कंट्रोलरला कळलंच नसतं. प्रमाण वेगळं ठेवल्यामुळे असा शॉर्ट झाला की गणित लगेच बिघडतं.

हे गणित बिघडलं की कंट्रोलर दोनपैकी कुठल्याच सिग्नलवर पूर्ण विश्वास ठेवत नाही. तो एक तर कमी आकड्याच्या सिग्नलवर गाडी रखडत चालवतो, नाही तर मोटरची ताकद पूर्ण काढून घेतो. विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेच्या नियमांत हे आकड्यांत लिहिलेलं आहे: दोन सेन्सरांमध्ये पेडलच्या प्रवासाच्या १० टक्क्यांहून जास्त फरक १०० मिलिसेकंदांपेक्षा अधिक काळ टिकला तर मोटरची ताकद तोडायची. रस्त्यावरच्या गाड्यांच्या मर्यादा वेगळ्या असतात, पण तत्त्व तेच. म्हणूनच क्षणभराचा लूज कॉन्टॅक्टही गाडी रखडवायला पुरतो आणि मीटर लावून बसलं तरी तो सापडत नाही.

आधी ताकद दुसऱ्याच कारणाने कमी झाली नाही ना, ते बघा

गाडी पिकअप घेत नाही, डॅशबोर्डवर कासवाचं चिन्ह आलंय, पेडल दाबूनही काही होत नाही, मध्येच झटका बसतो. ही लक्षणं पेडलच्या दोषाची आहेत आणि इतर डझनभर दोषांचीही. बॅटरी फार उतरली, फार गार किंवा फार गरम झाली, इन्व्हर्टर (बॅटरीचा करंट मोटरला लागेल तसा बदलणारी पेटी) किंवा मोटर तापली, तरी कंट्रोलर ताकद कमी करतो. चार्जिंगची गन लागलेली आहे असा चुकीचा सिग्नल मिळाला तर गाडी हलतच नाही.

यातून वाट काढायला एक सोपी तपासणी आहे. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात तीन आकडे शेजारी घ्या: पेडलची टक्केवारी, मागितलेला टॉर्क (मोटरची फिरवण्याची ताकद) आणि प्रत्यक्ष टॉर्क. पेडलची टक्केवारी पायाबरोबर नीट चढते-उतरते, पण मागितलेला टॉर्कच वाढत नाही, तर पेडलचा काही संबंध नाही. मर्यादा दुसरीकडून येते आहे. टॉर्क मागितला जातोय पण मिळत नाही, तर इन्व्हर्टर आणि मोटरकडे वळा. पेडलची टक्केवारीच अडखळत असेल तरच पुढचं सगळं करायचं.

ब्रेकचा स्विच मात्र विसरू नका. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकाच वेळी दाबलेले दिसले तर ब्रेकला मान द्यायचा, असा नियम कंट्रोलरमध्ये असतो. ब्रेकचा स्विच अर्धवट अडकलेला असेल तर गाडी पेडलला प्रतिसाद देणं थांबवते आणि दोष पेडलवर ढकलला जातो. लाइव्ह डेटात ब्रेकची स्थिती पाय न लावता ‘बंद’ दिसायला हवी.

आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी. ती मरायला टेकली की एकमेकांशी संबंध नसलेले कोड पावसासारखे पडतात. गाडी बंद असताना चांगल्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर १२.४ ते १२.७ व्होल्ट मिळायला हवेत, आणि गाडी ‘रेडी’ (पेडल दाबताच चालेल अशी) झाल्यावर, मोठ्या बॅटरीतून छोटी चार्ज करणाऱ्या डीसी-डीसी कन्व्हर्टरमुळे बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.५. याहून बरंच कमी असेल तर आधी ते दुरुस्त करा आणि मगच कोडांकडे परत या.

सुरक्षितता

पेडलचं सर्किट कमी व्होल्टेजचं आहे, त्यामुळे या कामासाठी हाय व्होल्टेजची एकही वस्तू उघडावी लागत नाही. नारिंगी केबल आणि त्यांच्या कनेक्टरांना हात लावायचा नाही. कंट्रोलरचा कनेक्टर इन्व्हर्टरच्या पेटीत असेल आणि तिथवर पोहोचायला झाकण काढावं लागत असेल, तर ते काम हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण असलेल्यानेच करावं: सर्व्हिस प्लग (हाय व्होल्टेज तोडणारा प्लग) काढून, मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबून, योग्य दर्जाच्या मीटरने शून्य व्होल्ट असल्याची खात्री करून.

दुसरा धोका जास्त खरा आहे. इलेक्ट्रिक गाडी उभी असताना आवाज करत नाही, आणि पेडलच्या वायरींशी खेळताना ती ‘रेडी’ असेल तर एका चुकीच्या स्पर्शाने पूर्ण टॉर्कची मागणी जाऊ शकते. म्हणून बहुतेक मोजमापं चावी चालू, पण गाडी ‘रेडी’ नाही, अशा स्थितीतच करायची. ‘रेडी’ करावीच लागली तर मोटरने फिरणारी चाकं जमिनीपासून उचललेली, बाकी चाकांना अडसर आणि सीटवर ब्रेकवर पाय ठेवून बसलेला माणूस, एवढी तयारी ठेवा.

साधनं फार लागत नाहीत: लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर, चांगला डिजिटल मल्टिमीटर, कनेक्टरच्या मागून घालायच्या बारीक प्रोब-पिना, गाडीचा वायरिंग डायग्राम. दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप (सिग्नलची रेषा पडद्यावर दाखवणारा स्कोप) असेल तर निम्मा वेळ वाचतो. टेस्ट लॅम्प मात्र या सर्किटला लावू नका. तो खेचत असलेला करंट ५ व्होल्टच्या सप्लायला झेपत नाही.

पायरी १: कोड लिहून घ्या, पुसू नका

कोडसोबत नोंदलेला फ्रीझ फ्रेमही उतरवून घ्या: वेग, पेडलची टक्केवारी, १२ व्होल्ट बॅटरीचा व्होल्टेज, तापमान. १२ व्होल्टची बॅटरी सोडवलीत तर अनेक गाड्यांत ही माहिती जाते, म्हणून आधी वाचन आणि मग बाकी सगळं.

नेहमी भेटणारे कोड असे. पी २१२२ म्हणजे पहिल्या सेन्सरचा (कोडच्या भाषेत ‘डी’) व्होल्टेज फार कमी, पी २१२३ म्हणजे फार जास्त. पी २१२७ आणि पी २१२८ हीच जोडी दुसऱ्या, म्हणजे ‘ई’ सेन्सरची. पी २१३८ म्हणजे दोन्ही सिग्नल आपापल्या जागी ठीक वाटतात, पण एकमेकांशी जुळत नाहीत. यांच्यासोबत पी ०६४१ ते पी ०६४३ किंवा पी ०६५१ ते पी ०६५३ यांपैकी काही असेल तर तिथूनच सुरुवात करा. हे ५ व्होल्टच्या रेफरन्स सप्लायचे कोड आहेत आणि पेडलचे कोड त्यांची पिलावळ असू शकते. अनेक कंपन्या स्वतःचे वेगळे कोडही वापरतात, त्यामुळे मॅन्युअलमधलं वर्णन वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

कमी की जास्त, यावरूनच बरंच कळतं. सेन्सरचा सप्लाय तुटला तर सिग्नल खाली पडतो. सेन्सरचा ग्राउंड तुटला तर सिग्नल उलट वर, ५ व्होल्टकडे जातो. त्यामुळे ‘जास्त’चा कोड बघून सप्लायचा शॉर्ट शोधत बसण्याआधी ग्राउंडची वायर तपासावी. सिग्नलचीच वायर तुटली तर काय दिसेल हे कंट्रोलरच्या आतल्या रेझिस्टरवर ठरतं: तो पिनेला खाली खेचत असेल तर शून्य, वर खेचत असेल तर ५ व्होल्ट. तुमच्या गाडीत काय होतं ते बघायला चावी बंद करून पेडलचा कनेक्टर काढा, चावी चालू करा आणि स्कॅनर वाचा. ही नोंद पुढे उपयोगी पडते.

पायरी २: पेडल सावकाश दाबून दोन्ही व्होल्टेज वाचा

चावी चालू, गाडी ‘रेडी’ नाही. स्कॅनरवर टक्केवारी नको, दोन्ही सेन्सरांचे व्होल्टेज घ्या. टक्केवारी हा कंट्रोलरने केलेला हिशोब असतो आणि दोष आला की तो बदली आकडाही दाखवतो. पेडल शून्यापासून तळापर्यंत न्यायला साधारण दहा सेकंद घ्या, तितकाच वेळ परत यायला. चार ठिकाणी आकडे टिपा: सोडलेलं, पाव, अर्धं, पूर्ण.

निम्म्या प्रमाणाच्या पेडलात चांगली नोंद अशी दिसेल: ०.७६ आणि ०.३८, १.५८ आणि ०.७९, २.४० आणि १.२०, ४.०२ आणि २.०१. नेमके आकडे गाडीनुसार बदलतील, प्रमाण बदलता कामा नये. आता बिघडलेली नोंद बघा: ०.७६ आणि ०.५१, १.५८ आणि ०.९२, २.४० आणि १.३३, ४.०२ आणि २.१४. दुसरा सिग्नल सगळीकडे सारख्याच फरकाने, सुमारे ०.१३ व्होल्टने, चढलेला आहे. असा जवळपास एकसमान फरक ग्राउंडमधल्या अडथळ्यामुळेही येतो, म्हणून पेडलला दोष देण्याआधी ग्राउंड तपासा. फरक पेडलच्या प्रवासाबरोबर वाढत गेला तर सप्लायचा व्होल्टेज कमी पडतोय किंवा सेन्सर स्वतः बिघडलाय. एकाच ठरावीक जागी खड्डा पडला आणि दोन्ही बाजूंना ठीक असेल तर पोटेन्शिओमीटरची पट्टी झिजली आहे. ही झीज बहुतेक वेळा प्रवासाच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात सापडते, कारण रोजच्या चालवण्यात पाय तिथेच असतो.

पेडल सोडल्यावरचा आकडाही नीट बघा, विशेषतः एका पेडलवर चालणाऱ्या गाडीत. पेट्रोलच्या गाडीत शून्याची जागा दोन टक्क्यांनी सरकली तर फारसं काही जाणवत नाही. इलेक्ट्रिक गाडीत पेडल पूर्ण सोडणं म्हणजे जास्तीत जास्त रीजनरेटिव्ह ब्रेकिंगची (मोटरच जनरेटर होऊन गाडी रोखते, म्हणजे ‘रीजन’) मागणी असते. पेडल सोडूनही सेन्सर थोडा दाबलेला दाखवत असेल तर ब्रेकिंग मऊ पडतं. चालकाची तक्रार मग ‘ब्रेक लागत नाही’ अशी येते, आणि कोड एकही नसतो.

पायरी ३: डोळे आणि हात

मॅट पेडलखाली सरकलंय का, पेडलचे बोल्ट सैल आहेत का, स्प्रिंग पेडलला पूर्ण परत आणते का, हे एका मिनिटाचं काम आहे आणि ते वगळल्यामुळे पूर्ण दिवस गेलेले आहेत. मग कनेक्टर काढा. पांढरी किंवा हिरवी बुरशी, ओल, मागे सरकलेली पिन, कुरतडलेली वायर. मादी पिन पसरली असेल तर कनेक्टर बसतो, क्लिक होतो, पण पकड नसते. योग्य मापाची सुटी नर पिन प्रत्येक खोबणीत घालून बाहेर ओढताना किती पकड लागते ते बोटांना कळतं. एखादी बाकीच्यांपेक्षा सैल असेल तर ती बदला. मीटरची जाड प्रोब समोरून खुपसली तर तुम्हीच पिन पसरवाल, म्हणून मोजमाप नेहमी कनेक्टरच्या मागून.

पाणी वायरीच्या आतूनही प्रवास करतं. वरच्या जोडातून शिरलेली ओल इन्सुलेशनच्या आतून खाली येऊन पेडलच्या कनेक्टरात साचते. कनेक्टर हिरवा दिसला तर तो पुसून थांबू नका, पाणी कुठून आलं ते वर जाऊन शोधा.

पायरी ४: सप्लाय आणि ग्राउंड

कनेक्टर काढलेला ठेवून प्रत्येक सेन्सरच्या सप्लाय आणि ग्राउंड पिनेत मोजा. ४.९ ते ५.१ व्होल्ट मिळायला हवेत. मिळाले तर खूश होऊ नका. कनेक्टर काढलेला असताना वायरीतून करंटच वाहत नाही, आणि अर्धवट तुटलेली वायरही पूर्ण ५ व्होल्ट दाखवते. कनेक्टर परत बसवा, मागून प्रोब लावा आणि पुन्हा मोजा. बसवल्यावर व्होल्टेज पडला तर वायरीत अडथळा आहे किंवा सेन्सर आतून शॉर्ट आहे. कोणता, ते कंट्रोलरच्या टोकाला मोजून ठरतं: तिथे ५ आणि पेडलपाशी कमी, तर वायर, दोन्हीकडे कमी, तर शॉर्ट.

ग्राउंडसाठी मीटर मिलिव्होल्टवर घ्या. लाल प्रोब पेडलच्या ग्राउंड पिनेवर, काळी कंट्रोलरच्या टोकाला त्याच वायरीवर, सर्व काही जोडलेलं. काही मिलिव्होल्टच यावेत. पन्नासच्या वर गेलं की वाटेतला जोड संशयित. सेन्सरचा ग्राउंड बॉडीला जात नाही, तो कंट्रोलरच्या आतूनच येतो, म्हणून काळी प्रोब बॉडीवर ठेवून काढलेला आकडा दिशाभूल करू शकतो.

कनेक्टर काढल्यावरही ५ व्होल्ट येत नसतील तर पेडल निर्दोष आहे, हे इथेच सिद्ध झालं. हाच रेफरन्स सप्लाय इतर सेन्सरांनाही जातो, जसे एसीच्या गॅसच्या दाबाचा किंवा ब्रेकच्या दाबाचा. त्यातला एक शॉर्ट झाला की सगळे बसतात. मीटर ५ व्होल्टच्या वायरीवर लावून ठेवा आणि त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून काढत जा. जो काढल्यावर आकडा उडी मारून ५ वर जाईल तो गुन्हेगार. सगळे काढूनही सप्लाय परत आला नाही तर हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) शॉर्ट शोधा. कंट्रोलरकडे त्यानंतरच बोट दाखवा.

पायरी ५: सिग्नल दोन्ही टोकांना

सप्लाय आणि ग्राउंड चोख असतील तर आता सिग्नल. पेडलच्या कनेक्टरवर मागून प्रोब लावून आकडा घ्या, मग तीच वायर कंट्रोलरच्या टोकाला, मग स्कॅनरवरचा आकडा. तिन्ही जुळायला हवेत. पेडलपाशी चूक असेल तर दोष पेडलात आहे. पेडलपाशी बरोबर आणि कंट्रोलरच्या पिनेवर चूक, तर वायर. पिनेवर बरोबर आणि स्कॅनरवर चूक, तर कंट्रोलर किंवा त्याच्याच पिनेचा संपर्क. दोष कुठल्या तुकड्यात आहे हे या तीन आकड्यांइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही. पण गडबडीत पहिला आकडा घेऊन लोक थांबतात.

कंट्रोलरपर्यंत हात पोहोचत नसेल तर उलट बाजूने तपासा. चावी बंद, पेडलचा कनेक्टर काढलेला. हार्नेसच्या बाजूला ५ व्होल्टची पिन आणि सिग्नलची पिन यांच्यात १ किलोओहमचा रेझिस्टर लावा आणि चावी चालू करा, ‘रेडी’ अजिबात नाही. स्कॅनरवर तो सिग्नल ५ व्होल्टजवळ दिसला तर सिग्नलची वायर आणि कंट्रोलरचं इनपुट दोन्ही जिवंत आहेत. रेझिस्टर काढल्यावर आकडा पायरी १ मध्ये टिपलेल्या जागी परत जायला हवा. ज्या गाड्यांत कंट्रोलर पिन वर खेचतो तिथे रेझिस्टर सिग्नल आणि ग्राउंड यांच्यात लावायचा, म्हणजे आकडा खाली येईल. साधी वायर वापरू नका. चुकीच्या पिनेला लागली तर रेझिस्टर नुकसान टाळतो.

एक अपवाद. काही पेडलांत एक सिग्नल व्होल्टेजचा आणि दुसरा पीडब्ल्यूएम (ठरावीक लयीत चालू-बंद होणारा, चालू वेळेच्या प्रमाणातून, म्हणजे ड्यूटीतून, माहिती देणारा) असतो, काहींत दोन्ही सेंट नावाच्या डिजिटल पद्धतीचे. पीडब्ल्यूएमवर मीटर डीसीला सरासरी दाखवतो, तेव्हा ड्यूटी मोजणारा मोड लागतो. सेंटवर मीटरचा आकडा निरर्थक असतो. तिथे स्कोप आणि स्कॅनर हेच खरं. डायग्राम आधी बघण्याचं हेही एक कारण.

पायरी ६: वायर

१२ व्होल्ट बॅटरी सोडवा, दोन्ही टोकांचे कनेक्टर काढा. प्रत्येक वायरीचा टोक ते टोक रेझिस्टन्स १ ओहमच्या आत, आणि शेजारच्या वायरींशी व बॉडीशी काहीच संबंध नाही, म्हणजे मीटरवर उघडं सर्किट. दोन्ही सिग्नल वायरी एकमेकींशी आवर्जून तपासा, विशेषतः पी २१३८ असेल तेव्हा.

ओहम मोजणं पुरेसं नसतं. वायरीचा एकच तंतू शाबूत असेल तरी मीटर समाधानकारक आकडा दाखवतो. दोन्ही टोकं सुटी असतानाच त्या वायरीतून १२ व्होल्टवर ५ वॉटचा छोटा बल्ब पेटवून बघा, सप्लायला लहान फ्यूज लावून. बल्ब मंद पेटला तर वायर आतून तुटली आहे. नंतर हार्नेस वाकवा, ओढा, पिळा, विशेषतः डॅशबोर्डखाली आणि जिथे तो बॉडीच्या पत्र्यातून पार जातो तिथे.

येऊन-जाऊन असणारा दोष

खरा वेळ इथे जातो. साधा मीटर सेकंदाला तीन-चार वेळाच आकडा बदलतो, आणि दोष काही मिलिसेकंदांचा. मीटरमध्ये किमान-कमाल धरून ठेवण्याची सोय असेल तर ती लावून पेडल दाबा. पण स्कोपवर दोन्ही सिग्नल एकत्र घेणं उत्तम. दोन रेषा पेडलबरोबर समांतर वाकल्या पाहिजेत. एकीत सुईसारखा खड्डा पडला आणि दुसरी गुळगुळीत राहिली तर दोष त्या एका सेन्सरचा किंवा त्याच्या वायरीचा. दोन्हींत एकाच क्षणी खड्डा पडला तर सामाईक सप्लाय किंवा कनेक्टर बघा.

हॉल सेन्सर झिजत नाही, पण तापतो, भिजतो, आणि त्याच्या सोल्डरला बारीक तडा जातो. गाडी उन्हात उभी राहिल्यावरच दोष येत असेल तर केस सुकवण्याच्या यंत्राने सेन्सर कोमट करत आकडे बघा. हात लावता येईल इतपतच. प्लास्टिक वितळवून काही सिद्ध होत नाही. हॉल सेन्सरचा रेझिस्टन्स मात्र मोजू नका. आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, ओहममधला आकडा काहीच सांगत नाही. ती तपासणी फक्त पोटेन्शिओमीटरसाठी.

इलेक्ट्रिक गाडीचा खास दोष आणखी एक. चावी चालू असताना सिग्नल स्वच्छ, आणि गाडी ‘रेडी’ होऊन मोटरवर ताण आला की सिग्नलवर काटेरी गोंगाट (विद्युत अडथळा). इन्व्हर्टर दर सेकंदाला हजारो वेळा मोठा करंट चालू-बंद करतो आणि त्याचा गोंगाट जवळच्या वायरींत शिरतो. असं दिसलं तर पेडलच्या वायरी कुठून जातात ते बघा. अपघाताच्या दुरुस्तीनंतर हार्नेस नारिंगी केबलला चिकटवून बांधलेला सापडतो, किंवा शील्डची (वायरींभोवतीच्या धातूच्या आवरणाची) ग्राउंडला जोडणारी वायर सुटलेली. शील्डचा शेवट डायग्राममध्ये दाखवलाय तिथेच जोडा. ‘जास्त चांगलं’ म्हणून दोन्ही टोकांना जोडला तर त्यातूनच करंट वाहू लागतो आणि गोंगाट वाढू शकतो.

दुचाकीचा थ्रॉटल

इलेक्ट्रिक स्कूटर आणि सायकलींत बहुधा एकच हॉल सेन्सर, तीन वायरी: सप्लाय, ग्राउंड, सिग्नल. सोडलेला असताना साधारण ०.८ ते ०.९ व्होल्ट, पूर्ण पिळल्यावर ३.६ ते ४.२. रंगांवर विसंबू नका, मोजून ठरवा. मूठ हँडलबरोबर सतत वळते, त्यामुळे वायर मानेपाशी आतून तुटते. हँडल दोन्ही टोकांना वळवत आकडा बघणं ही पहिली तपासणी.

ग्राउंडची वायर तुटणं इथे सर्वात वाईट. सिग्नल ५ व्होल्टकडे चढतो आणि ज्या स्वस्त कंट्रोलरमध्ये वरच्या मर्यादेची तपासणी नसते तो हे पूर्ण थ्रॉटल समजतो. चाक उचलल्याशिवाय अशी गाडी चालू करू नका. चांगले कंट्रोलर चावी लावतानाच थ्रॉटल शून्यावर नसेल तर मोटर चालूच करत नाहीत. चुंबक सरकून सोडलेल्या मुठीचा व्होल्टेज वर गेला असेल तर गाडी ‘मेली’ असं वाटतं, प्रत्यक्षात ती हट्ट धरून बसलेली असते. साइड स्टँड आणि ब्रेक लिव्हरचे स्विचही याच लक्षणाला जबाबदार असतात, ते आधी वगळा.

पेडल बदलल्यावर

पेडल सहसा पूर्ण जुळणीच बदलतात. आतला सेन्सर सुटा मिळत नाही, आणि उघडून स्प्रे मारणं हा इलाज नाही. भाग क्रमांक नेमका जुळवा. दिसायला सारख्या पेडलांत सिग्नलांचं प्रमाण वेगळं असू शकतं आणि मग नवं पेडल बसवताच पी २१३८ येतो. बोल्ट आवळण्याचा टॉर्क मॅन्युअलप्रमाणे.

काही गाड्यांत चावी चालू करून पेडलला पाय न लावता काही सेकंद थांबलं की कंट्रोलर शून्याची नवी जागा शिकतो, काहींत ते स्कॅनरमधून करावं लागतं, तर काहींत काहीच लागत नाही. शिकवताना मॅट पेडलवर टेकलेलं असेल तर चुकीचं शून्य कायमचं बसतं.

मग कोड पुसा आणि पायरी २ पुन्हा करा, नोंद लिहून ठेवा. चाकं उचलून ‘रेडी’ मध्ये हलक्या पायाने प्रतिसाद बघा. त्यानंतर मोकळ्या जागेत लाइव्ह डेटाची नोंद चालू ठेवून गाडी चालवा: सावकाश वेग, एकदा पूर्ण पेडल, एकदा पूर्ण सोडून रीजन, काही खडबडीत रस्ता. चावी बंद करून काही मिनिटांनी पुन्हा स्कॅन करा. अनेक कोड सलग दोन फेऱ्यांत दोष दिसल्यावरच दिवा लावतात, म्हणून दिवा विझलेला आहे एवढ्यावर गाडी परत करू नका. दिवा न पेटवता नोंदीत थांबलेल्या कोडांची यादीही रिकामी असली पाहिजे.